उजवा सिलिंडर

शाबलोमामाला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं सायलेन्सरच्या तोंडाशी बसल्याचा
हिशेब, म्हणतो, चुकता झाला.
आता लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो,
मूठ दातांत धरतो
आणि डोळे मिटून हाडांनी ऐकतो.

डिचोलीत, बस स्टँडच्या मागं,
पत्र्यावर बंद पडलेल्या खाणींची लाल धूळ
आणि पत्र्याखाली राजदूत साडेतीनशे,
पंच्याऐंशी सालची, इनासची.
जहाजावरच्या पहिल्या पगारात घेतलेली.
मग जहाजंच चालवत राहिली त्याला.
अकरा पावसाळे फेणीच्या भट्टीशेजारी उभी होती,
एअर फिल्टरात उंदरांचं बिऱ्हाड,
सीटखाली कोंबडीचं एक जुनाट अंडं,
जे मी फोडून बघितलं. बघायला नको होतं.

इनासनं सतरा किका मारल्या. चप्पल तुटली.
अठराव्या किकेला निळा धूर असा उठला
की शेजारच्या शेवंतीनं अंगणातली सोलं उचलून आत नेली,
आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

मामानं दात टेकवले.
"उजवो फट मारता."
उजवा खोटं बोलतोय.
डावा एकटा ओढतोय, उजवा नुसता हो ला हो.
"आमच्या घरातल्यासारखं,"
डबा ठेवता ठेवता मामी म्हणाली.
तेही त्याला ऐकू आलं नाही.

जेट सुईच्या नाकाएवढं. मी फुंकलं,
पेट्रोल संध्याकाळपर्यंत ओठांवर राहिलं.

चार हजारांपर्यंत ती गाय असते.
पाचांच्या पुढं
रस्ताच कुणीतरी खालून ओढून घेतं.
बासष्ट वर्षांचा इनास हेल्मेटच्या आत काहीतरी ओरडला,
मी मागं, त्याचा शर्ट दोन मुठींत.
पुढचा ब्रेक म्हणजे विनंती अर्ज.
पिळगावच्या उतारावर तो आम्ही बराच आधी केला,
तरी फेरीच्या धक्क्यावर चाक पाण्यापासून दीड हात.
फेरीवाला बोलला नाही काही.
बघत राहिला फक्त, विडी विझेपर्यंत.

परत आलो तर मामा विचारेना कशी चालली.
बंद करू नको, अशी खूण केली,
स्क्रू-ड्रायव्हर लेंग्याला पुसला
आणि मूठ माझ्यापुढं धरली.
लाकडावर त्याच्या दातांच्या खुणा.
मी माझे बसवून बघितले. नीट बसेनात.
ऑइल, गंज, तंबाखू.
बराच वेळ काहीच नाही.
मग जबड्यात, कानाच्या खूप खाली,
डावा.
आणि त्याच्या पाठोपाठ, जरा लाजत,