ब्यूरो

आधी ते कापड होतं.
तपकिरी, जाडंभरडं, मानेला टोचणारं,
मठातले संन्यासी पांघरायचे तसलं;
दहादा धुतलं तरी मेंढी जायची नाही त्यातून.
आपण सरळ घोंगडंच म्हणू.

मग कुणीतरी ते मेजावर अंथरलं,
नाणी मोजताना खणखणू नयेत म्हणून,
किंवा कागद घसरू नये म्हणून,
किंवा मेजच भिकार होतं म्हणून.
जाणकारांचं एकमत नाही.
मेंढीला कुणी विचारलेलं नाही.

नाव कापडावरून मेजावर सांडलं,
मेजावरून खोलीभर झालं,
खोलीतून माणसांत मुरलं,
माणसांतून त्यांच्या ‘पुढच्या गुरुवारी या’मध्ये.
कापड वाटेत कुठे गळालं कुणास ठाऊक.
जिच्यावरून नाव ठेवलं
तिलाच बारशाचं बोलावणं नाही.

उत्तर फ्रान्समधल्या रुबे गावात
एका जुन्या लोकरगिरणीत आता पेन्शनचा ब्यूरो आहे.
विटा त्याच. धुराडं शोभेला राखलंय.
जिस्लेन वानूट इथे अकराव्यांदा आली आहे,
सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी मुठीत घेऊन,
ज्या दारातून एकतीस वर्षं
चिठ्ठीशिवाय आत जायची.

तिचं एक वर्ष सापडत नाही.
त्र्याहत्तर आहे. पंच्याहत्तर आहे.
चौऱ्याहत्तर तळघरातल्या वह्यांबरोबर
पाइप फुटला तेव्हा पाण्यात गेलं.
(अशा प्रकरणाला आमच्याकडे भिजत घोंगडं म्हणतात.
रुबेत हे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही,
पण किती बरोबर म्हणतात.)

काचेपलीकडे मोक्रान, वय सव्वीस,
नवी नोकरी, नवा चष्मा.
त्याचा आजा कबिलियाच्या डोंगरातून आला
आणि ह्याच छपराखाली रात्रपाळीला लोकर विंचरत खोकला.
त्याचीही फाइल असेल कुठेतरी.
मोक्राननं अजून शोधलेली नाही.

‘मादाम, पुरावा लागेल.
पगाराची पावती, मुकादमाची सही, काहीही.’

जिस्लेन त्याच्या टेबलावर हात फिरवते.
सनमायका. गार, गुळगुळीत, मुका.
बोटं तरी सवयीनं चाचपतात.
तेच तर काम होतं तिचं:
मागावरून उतरलेल्या कापडातला तुटका धागा
डोळ्यांआधी बोटांनी हुडकायचा
आणि सुईनं असा भरायचा
की विणणाऱ्यालाही कळू नये.

‘ह्यावर काही अंथरत नाही का रे तुम्ही?’
‘ह्यावर? काय अंथरायचं?’

ती पिशवीतून तुकडा काढते.
हातरुमालाच्या चौपट, तपकिरी, जाड;
बिघडलेला तागा त्या नाताळात
मालकानं बोनस म्हणून वाटला होता.
बायका हसल्या होत्या. तिनं जपून ठेवला.
की-बोर्ड बाजूला सारून ती तो पसरते,
आणि शब्द, कितीक शतकांनी,
आपल्या जुन्या घरात शिरतो,
चपला न काढता.

‘इथे भोक होतं,’ ती म्हणते.
‘चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये. मी भरलं. बघ.’

मोक्रान बघतो. चष्मा काढून बघतो.
काही दिसत नाही.

‘दिसलं असतं तर
दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं मला.’

अर्जात ह्याला रकाना नाही.
मोक्रान अर्ज उलटा करून पाहतो;
मागे पत्ता आहे, कचेरीच्या वेळा आहेत.
अठ्ठेचाळीस नंबर घसा खाकरतो.
एकोणपन्नासच्या कडेवरचं मूल
काचेला नाक लावून उभंच आहे कधीचं.

मोक्रान डोळे मिटतो.
एक बोट कापडावरून चालवू लागतो,
हळू, काठाकाठानं,
अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं.

‘इथे?’
‘नाही.’

‘इथे?’
‘जरा डावीकडे.’