टिंब

संकेश्वरात, बसस्टँडच्या मागं माझं दुकान.
एक मशीन, एक कात्री, आणि एक आरसा
ज्यात गिऱ्हाईक कमरेपर्यंतच दिसतं.

लांबी चाळीस, कंबर बत्तीस, सीट अडतीस,
मी बोलतो, पोरगा वहीत लिहितो.
मांडीशी टेप गेली की काही माणसं श्वास धरतात.
तिथं मी आकडा पुकारत नाही.
पेन स्वतः घेतो, नावापुढं टिंब देतो.
टिंब म्हणजे पुढच्या बाजूला चार बोटं कापड जास्त,
दोन चुण्या, रंग गडद, शर्ट लांब.

बावीस वर्षांत अकरा टिंबं.
अकराही जण एकमेकांना रामराम घालतात,
आणि प्रत्येकाला वाटतं, हे मला एकट्यालाच.
इथल्या माणसाला दोन भाषा येतात.
लाज म्हणा, नाचिकी म्हणा,
दोन्हींत गप्प बसता येतं.

लुमाण्णा मिरचीच्या वखारीत हमाल.
कुणी सांगितलं, ओझ्यानं उतरलंय.
कुणी म्हणालं, उष्णता.
कुणी डोळा मारून विचारलं, कुठं गेला होतास?
एकानं सुई घालून तांब्याभर पाणी काढलं,
दिवाळीपर्यंत परत भरलं.
दुसऱ्यांदा काढलं तेव्हा हुडहुडी भरली, पू झाला.
मग त्यानं सायकल विकली,
नदीवर आंघोळीला जायचं सोडलं.

महादेवी तळवार आरोग्य खात्यातली.
रात्री दहानंतर दारोदार हिंडते,
बोटाला टोचून काचेवर थेंब घेते.
हे किडे रात्रीच रक्तात फिरायला निघतात म्हणे.
ती म्हणाली, मामा, कुणाची विजार सैल, तुम्हाला ठाऊक.
वही द्या.

वही दिली नाही.
दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो,
लुमाण्णाला म्हटलं, मला बेळगावला जायचंय, सोबत चल.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर.
लुमाण्णा भिंतीकडं बघून बोलला, त्यांनी तसंच ऐकलं.
म्हणाल्या, रक्ताशिवाय अंगात आणखी एक पाणी वाहतं,
त्याच्या वाटा बारीक.
गटारावरचा डास चावतो, पिलं सोडतो,
ती वाढतात दोऱ्यासारखी, त्या वाटांत बसतात.
मला चटकन कळलं.
नेफ्यात नाडी गुंतून गोळा झाली
की विजार एका जागी फुगते, पुढं सरकत नाही.

गोळ्यांनी किड्यांची पिलं मरतील.
साठलेलं पाणी मात्र गोळ्यांनी जायचं नाही,
पिशवी उघडून शिवायला लागेल.
शिवायला, असंच म्हणाल्या.
कातडी जाड झालेल्यांना आणखी कष्ट:
रोज साबण, रोज पाणी, घडीघडीत कोरडं पुसणं,
खालून आधार. आणि हे जन्मभर.

मग माझ्याकडं वळून, सहज,
तुम्हाला काही त्रास?

मी स्वतःची विजार स्वतःच बेततो.
तिचं माप वहीत कधी लिहिलंच नव्हतं.

लुमाण्णाचं ऑपरेशन मंगळवारी झालं,
माझं पुढच्या मंगळवारी.
खाटेवर पडल्या पडल्या आधाराची पट्टी बेतली,
जुन्या मलमलीची, इंग्रजी टी सारखी,
कमरेला नाडी, शिवण बाहेरून, म्हणजे टोचत नाही.
अजून शिवतो. टिंबवाल्यांकडून पैसे घेत नाही.
ट्रायलच्या वेळी पडद्यामागं हळूच सांगतो,
मी जाऊन आलोय. मंगळवार असतो.
चौघे गेले. एकानं कापड परत मागितलं,
पुन्हा दुकानात पाऊल टाकलं नाही.

लुमाण्णा गणपतीच्या आधी आला.
मी टेप काढली, तो श्वास धरायचा विसरला.
पोराला म्हणाला, लिही रे, मोठ्यानं सांगतोय तो.
मग आरशापुढं वळून मागचं बघत बसला,
या खेपेला जरा फिट कर.
आणि मागं खिसा दे, बटणाचा.
तुझे खिसे फाटतात.