कूस

मधली नक्षी बघा, अजून निम्मी शिल्लक आहे.
गाठी उभ्या, रबर काळंभोर,
दोन उन्हाळे सहज निघाले असते.
गेलंय ते कुशीला.

जमिनीशी जिचं काही देणंघेणं नव्हतं
त्या पातळ कुशीला,
जिथं कंपनीने वजन वाचवलं
आणि वर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.
नावाच्या बरोबर मधून काप गेलाय.
बोट घातलं तर पलीकडे निघतं.

इओलो दारात उभा. वय चौदा, गुडघे चिखलाचे,
सायकल खांद्यावर, लंगडं कोकरू आणावं तशी.
या महिन्यातली ही तिसरी खेप.
"हवा कमी ठेवली होतीस?"
"थोडी."
"किती थोडी?"
तो आभाळाकडे बघतो. वेल्सच्या या कोपऱ्यात
आभाळाकडे बघून कुणालाच उत्तर मिळत नाही,
तिथं कायमचं राखाडी फडकं वाळत घातलेलं.

हवा कमी तर पकड चांगली, हे त्याचं खरं आहे;
चाक ओल्या मुळांवर मांजरासारखं बसतं.
पण मग कूस फुगून बाहेर येते,
आणि दोन दगडांच्या सांदीतून जाताना
आधी तीच सापडते.
जाड कुशीचे टायर मिळतात, दोन थरांचे.
चढावर ते मांड्या मागतात, आणि दुकानात
त्याच्या आईचा अर्ध्या आठवड्याचा पगार.
हे मी बोलत नाही. त्याला माहीत आहे.

मी सुई शोधते. मासे धरायचा दोरा.
आतून लावायला जुन्या टायरचं ठिगळ.
एका पाहुण्याने एकदा दहा पौंडांची नोट
घडी करून आत कोंबली होती.
नोट टिकली. टायर नाही.

तेवढ्यात इद्वल, माझा नवरा,
चष्मा कपाळावर सरकवून चाक हातात घेतो.
छत्तीस वर्षं त्याने पाटीचा दगड चिरला,
छिन्नी कुठं टेकवायची ते कानाने ओळखून.
आता एक कान गेलाय, खोकला राहिलाय,
रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही.
अंगठा कापावरून फिरवतो,
सावकाश, मग एकदा उलटा.

"हा नदीकाठचा दगड नाही," तो म्हणतो.
"तो चावतो, चिंध्या करतो.
रिमवर ठोका बसला तर दोन भोकं पडतात,
साप डसल्यासारखी.
हा सरळ गेलाय. एका दमात.
असा काप जांभळ्या पाटीचा.
आणि जांभळी पाटी
फक्त वरच्या बंद खाणीच्या ढिगाऱ्यावर."

कॉम्प्रेसर तेवढा घरघरत राहतो.
तारेचं कुंपण, कुलूप, धोक्याची पाटी
(तीही पाटीच),
गेल्या हिवाळ्यात ढासळलेला कडा,
सगळं या पोराने ओलांडलं
आणि चुगली केली ती टायरने.

"मी गेलोच नव्हतो."

मी टाका घालते. फार ओढला तर रबर दुमडतं,
सैल सोडला तर आतलं बाहेर डोकावतं.
सोल्युशन, ठिगळ, अंगठ्याचा दाब,
मग हवा, मग बादली.
एक बुडबुडा. बऱ्याच वेळाने दुसरा.
"घरापर्यंत जाशील. डोंगरावर नाही."
तो मान डोलावतो, जरा जास्तच पटकन.

इद्वल पाठमोरा हात पुसतोय.
हात केव्हाच स्वच्छ झालेत, तरी पुसतोय.
"वर," तो हातातल्या चिंधीला विचारतो,
"दुसऱ्या टप्प्यावर, आम्ही चहा प्यायचो ती खोली.
छप्पर आहे का अजून?"

"मला काय माहीत," पोरगं म्हणतं,
"मी गेलोच नव्हतो."
सायकल वळवतो. पेडलवर पाय ठेवतो. काढतो.

"छप्पर नाही.
पण किटली आहे. खुंटीला.
मी हात नाही लावला."