दोन चाळीस

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या अंगाला,
जिथं आधी पंपांचे इंपेलर घासायचे
तिथं आता आम्ही पाइप ऐकतो.
मी आणि रेहाना मुल्लाणी.
दोन टेबलं, एक उधारीचा कॉम्प्युटर,
आणि भिंतीवर बँकेच्या हप्त्याची तारीख,
खडूनं लिहिलेली.

यंत्र म्हणजे मुठीएवढी पितळी डबी.
ओतकाम शेजारच्या भट्टीतलं,
आत रेहानाचं सर्किट, तळाला चुंबक.
व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरायचं, लोखंडाला चिकटवायची,
गाव झोपलं की ती कान टवकारते.

ज्या वर्षी पंचगंगा आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर आली
त्या वर्षीसुद्धा आम्ही टँकरच्या रांगेत होतो,
कमरेएवढ्या पाण्यात, रिकामी कळशी डोक्यावर धरून.
तेव्हाच ठरलं.
म्हणजे ठरलं असं आता सांगतो,
तेव्हा नुसती चिडचिड होती.

हिंदुराव साळोखे डबी बघून हसले.
एकतीस वर्षं चावी फिरवलेला माणूस.
पहारीचं एक टोक पाइपवर,
दुसरं कानामागच्या हाडावर.
"गळती सूं करत्या, मोटर घूं करत्या,
आणि चोरीची जोडणी गप्प बसत्या.
एवढं शिकवा हिला, मग या."

शिकवलं. चार महिने त्यांच्या सायकलमागं हिंडलो.
डबी पिठाच्या गिरणीला फसली,
आईस्क्रीमवाल्याच्या फ्रीजला फसली,
एकदा तर तालमीत पहाटे जोर काढणाऱ्या पोरांना
तिनं फुटलेली मेन लाइन ठरवलं.

मग खापर गल्ली.
रोज रात्री दोन चाळीसला बारीक सूं,
पंचवीस मिनिटं, की बंद.
रेहाना म्हणाली, गळती घड्याळ बघून येत नसते.
पण पडद्यावर लाल ठिपका पडला होता
आणि करारात ठिपक्यामागे अठराशे रुपये होते.
मी गप्प बसलो. चोरीच्या जोडणीसारखा.

हिंदुरावांनीच नेलं, रात्री, बॅटरी घेऊन.
रस्त्यापेक्षा दीड हात खाली खणलेला नळ,
खड्ड्यात बसलेल्या अक्काताई कोरवी,
आणि करंगळीएवढी धार.
"खालच्या पेठा निजल्या की आमच्याकडं चढतं,"
त्या म्हणाल्या, तांब्या न हलवता.

हिंदुराव माझ्याकडं वळले.
"खोड तो ठिपका.
ही गळती न्हाई रं. ही जाग हाय."

डबीला दोनच उत्तरं येत होती, आहे आणि नाही.
रेहानानं तिसरा रकाना काढला, नाव दिलं: जाग.
दुसऱ्या रात्री नकाशा उघडला
तर चढावरची सगळी वस्ती त्या रकान्यात.
साहेबांनी कागद उलटा करून बघितला.
"हे करारात नाही," म्हणाले,
आणि चहा मागवला. आमच्यासाठी पण.

खरी गळती सापडली दोन गल्ल्या खाली,
गुळाच्या गोदामामागं, कुजलेल्या जॉइंटला.
किती वर्षं, कोण जाणे.
पाणी तिथून थेट नाल्यात,
आणि नाल्याकाठी कानाएवढी आळवाची पानं.
जॉइंट बदलला. आठवड्यात आळू माना टाकून बसलं.
ते विकणाऱ्या शेवंताबाईंनी
भर रस्त्यात आम्हा दोघांचा उद्धार केला,
आणि ज्यांचं पोट त्या आळवावर होतं
त्यांना काय दाखवायचं, वाचलेल्या पाण्याचा आलेख?

खापर गल्लीत आता सांजेला सव्वासहाला पाणी येतं.
दोन चाळीसला पडद्यावर सरळ रेघ.
परवा अक्काताईंना विचारलं, झोप लागते ना आता?
"डोळा उघडतोच की."
मग काय करता?
"काय न्हाई. जाऊन नळाला हात लावून येते."

हे काही डबीला ऐकू येत नाही.
हिंदुराव एप्रिलात निवृत्त होतील,
पहार आम्हाला देणार म्हणतात, अजून दिलेली नाही.
उद्या हप्ता आहे.
रेहाना टेबलाखाली वाकून खडू शोधतेय.