कोपरे

कागद कागजीपुऱ्याचा.
एसटीत मांडीवर गुंडाळी धरून बसले
तर कंडक्टरनं विचारलं, नकाशे का?
मी म्हटलं, हो.
"पानी नक्को लगने देव," नईमभाई म्हणाले होते,
"बाकी तुमारे पोतरों तक चलता ये."
कडा ओबडधोबड, आत सुताचे धागे,
मधेच कुणाच्या तरी सदऱ्याचा उरलेला निळा.

सेलूत पत्र्याखाली दुपार उकळायलेली. लाईट नाही.
मायनं कणकेची खळ शिजवायला घेतली,
मी जुन्या स्लिपरच्या तळातून मोर कोरला.
तिला सांगितलं नाही.
लग्नपत्रिकेवर पायताण म्हटल्यावर
मोरासकट मला चुलीत घातलं असतं.
रंग पळसाच्या फुलांचा, चिमूटभर तुरटी.
पहिला मोर कोंबडी निघाला,
दुसरा बरा,
तिसऱ्यापासून पिसारा फुटला.

नवऱ्याचं नाव परमेश्वर,
त्यामुळं 'परमेश्वरकृपेने' लिहावं की नाही
यावर भागवत अर्धा तास हसला.
"त्याचीच कृपा पायजे की तुला आता, जन्मभर."

मग निमंत्रकाची ओळ आली.
छापखान्यातले जुने नमुने पसरून बसले,
अकरा.
अकरांत मिळून दोनच सोयी:
श्री. किंवा कै.
नांदेडात, जिनिंगच्या मागं, दुसऱ्या संसारात
धडधाकट असलेल्या माणसाला काय लावतात
ते त्यांत नव्हतं.
माय खळ ढवळत राहिली.
खळ कधीच घट्ट झाली होती.
"माझं लिही," म्हणली, "नुसतं प्रयागबाई.
पुढं काय लावू नको. मागं बी नको."

दोनशे दहा वेळा लिहिलं.
साठ-सत्तर झाल्यावर 'प्र' हाताला वळणी पडला,
दीडशेनंतर ते नाव कुणाचं
हेच विसरायला झालं,
मग मान वर करून पाहायचे: ती तिथं बसलेली,
सगीराबीनं दिलेल्या पोतंभर चिंध्यांतून
पताकांचे तिकोन कापत.
हा पाटलीणबाईच्या ब्लाउजचा जांभळा,
हा ईदचा हिरवा, हा शाळेचा गणवेश,
हा, हा कुणाचा गं?
सगळं गाव तिला तुकड्यांवरून ओळखू यायचं.

भागवतनं कडब्याची धांडं सोलली,
भेंडाचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी जोडून
सात झुंबरं केली.
सातवं कलंडलेलं.
ते दारापाशी लावू म्हणाला, आत येताना कुणी वर बघत नाही.

त्या रात्री शेळी सुटली.
खळीच्या वासानं एका पत्रिकेचा कोपरा खाऊन गेली.
कोपरा गेलेलं पत्र आपल्याकडं कशाचं असतं
हे शेळीला कुणी सांगावं.
मी ती फाडायलाच निघाले होते.
मायनं हातातून घेतली, कंदिलासमोर धरली,
एक बांगडी काढून त्या मापानं
खाल्लेला कोपरा गोल केला,
मग उरलेले तीन.

सकाळी हळद कालवली.
दोनशे नऊंना चारी कोपरे.
हिला कोपरेच नव्हते.
मायनं बोट बुडवलं, धरून ठेवलं,
हळदीचा एक थेंब फरशीवर पडला,
दुसरा पडायच्या आत
तिनं ते मोराच्या खाली, आपल्या नावाशेजारी टेकवलं.
पाकीट स्वतःच चिकटवलं.
पत्ताही स्वतःच, दुसरीपर्यंत शिकलेल्या अक्षरात,
लिंबाजीतला 'बा' ओळीबाहेर गेलेला.

पोस्टात बाबूनं गठ्ठा चाळला.
"ह्या एकावर पिन नाही."
मी मोबाइल काढला, शोधते म्हटलं,
तोवर मायनं खिडकीच्या गजांतून
सहाही आकडे सांगितले,
न अडखळता,
आणि पदर डोक्यावर ओढला.
"चल, ऊन व्हायलंय.
झुंबराला अजून दोरे लावायचेत."