हात लावावा ही विनंती

जन्मभर एकच पाटी वाचली: हात लावू नये.
पणजीला, मांडवीकाठच्या जुन्या गोदामात
उलटं लिहिलेलं पाहून मी चष्मा पुसला.

आत एक भिंत. छातीएवढी, चिऱ्यांची.
चुना नाही, सिमेंट नाही,
नुसते एकावर एक.
तिकिटाच्या पाठी छापलं होतं:
भिंतीतला एक चिरा उचला,
अंगणात न्या आणि त्यावर बसा
अनोळखी माणसाशेजारी.

याला कला म्हणतात? मी जरा हसलोच.
चिरे काय, दिवाडीला आमच्या पायाखाली.
पण उचलला तेव्हा कमरेतून कळ गेली,
गडी लावून कामं करून घेतली की
वजन विसरायला होतं.

बाहेर बदामाच्या सावलीत
एक पोरगी चिऱ्यावर बसून
फोनवर आईशी कडकडून भांडत होती.
माझ्या शेजारी साळगावच्या लुर्दिनाबाई,
पिशवीतून फेस्ताचं खाजं काढून
अर्धं मोडून मला दिलं.
शांतीबद्दल आम्ही चकार शब्द बोललो नाही.
पावाचा भाव, तिचा गुडघा,
दुबईतला मुलगा, जो फोन करतो
पण बोलत नाही.

पाचला भिंत गुडघ्याएवढी राहिली.
पोरं तिच्यावरून उड्या मारू लागली.
तागाच्या कुडत्यातले कुणी म्हणाले,
पाहा, भिंत तुम्ही संपवलीत.
टाळ्या. मीही वाजवल्या.

छत्री विसरलो म्हणून परत आलो
तर एक माणूस डोक्याला पंचा बांधून
अंगणातले चिरे आत नेत होता.
शरणप्पा, गदगचा.
"उद्याची भिंत, साहेब. दहाला उघडतं."
रोज रात्री एकशेचाळीस.
"नेणारे शंभर. आणणारा मी."

मी चार आणून दिले.
त्यातले दोन त्याने काढून पुन्हा लावले:
सांध्यावर सांधा येऊ नये,
नाही तर कुणाच्या तरी पायावर पडेल.

"घरी आहे भिंत?"
आहे.
"केवढी?"
सात फूट.
"बांधली कुणी?"
तुझ्यासारख्यानंच, म्हणणार होतो.
आम्ही, म्हणालो. भावाभावांनी, खर्च निम्मा निम्मा.
आई गेल्यानंतर तेवढं एकच काम
आम्ही न भांडता केलं.

तो हसला नाही. पाणी प्यायला.

रायबंदरहून फेरी. हात धुतले नव्हते,
तिकिटाला तांबडी बोटं उमटली.

घरी पोचलो तेव्हा उमाकांतच्या बाजूला
दिवा होता, टीव्हीवर कुणी तरी ओरडत होतं.
भिंतीला हात लावला. गिलावा.
आत चिरा आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक.
वरचा एक तरी हलतो का बघावं म्हटलं,
पण हात पोचेना.

स्टूल पाहिजे.
ते आईच्या बाराव्याला पलीकडे नेलेलं,
तिथंच राहिलं.

मागावं लागेल.