पाणि

मोजणीत तिसरा यायचा, म्हणून मी
'तीन' म्हणत गेलो. जुलैत
कुणीतरी मधे एक रकाना घुसवला,
आणि विश्वामित्रीची पातळी
सकाळभर एकाच आकड्यावर थिजली.
तो निघाला काळाघोडा पुलाचा क्रमांक.

आता नावानेच हाक मारतो.
तारीख, वारा, शेरे,
कुणाची झोप मोडत नाही;
एवढा एकच रकाना उठून येतो
वरपासून खालपर्यंत ओला.

नाव मात्र बिनचूक लागतं,
म्हणजे चुकीसकट:
कुमुद बारटक्के निवृत्त होताना
शीर्षकात 'पाणि' लिहून गेल्या.
मी दीर्घ केलं, तर प्रोग्रॅम म्हणाला,
असं कुणी नाही इथे.

परवा दांडिया बाजारात भेटल्या,
हातात मेथीची जुडी.
"नदी कशी आहे?"
ऱ्हस्वच आहे, म्हटलं, अजून.